हाडं आमची, मांस तुमचं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८० सालचा जून महिना. वडील माझा हात धरून मला गुलमंडीपलीकडच्या एका हायस्कुलात घेऊन गेले होते. पाचवीचा प्रवेश होता. वडील शहागंजात शिलाईकाम करायचे. मराठी त्यांना चांगलं यायचं, पण वर्गशिक्षकांसमोर उभं राहिल्यावर ते आपसूक दखनीवर आले. डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, ‘‘मास्टरसाब, हड्डी हमारी, गोश्त आपका.’’ गुरुजी हसले. आमच्या मागे रांगेत फुलंब्रीकडचे एक शेतकरी आपल्या पोराला घेऊन उभे होते. तेही मान डोलवून म्हणाले, ‘‘तेच म्हन्तो मी बी. हाडं आमची, मांस तुमचं.’’

दहा वर्षांच्या पोराला अशा वाक्याचा अर्थ शब्दशःच कळतो. माझ्या डोळ्यांपुढे थेट बकरीदचा दिवस उभा राहिला. त्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल कोण जाणे, पण तोही माझ्याइतकाच बारीक झाला होता.

वडिलांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरगं शिकावं, मोठं व्हावं, त्यासाठी गुरुजींना पूर्ण मोकळीक असावी, एवढाच त्यांचा हेतू. हिंदू असो, मुसलमान असो, मराठवाड्यातल्या कुठल्याही बापाने शाळेच्या पायरीवर हेच म्हटलं असतं. पण हे वाक्य म्हणजे एक करार आहे आणि त्या करारात तिसरा पक्ष, म्हणजे ज्याची ती हाडं आणि ज्याचं ते मांस, त्याची सही कुठेच नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

हा करार जुना आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुलापासून तो चालत आला आहे. ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, हे आपल्या शाळांचं जुनं शब्दवैभव. उर्दू शाळेत कोंबड्याचा मुर्गा व्हायचा, एवढाच फरक. इंग्रज आले, त्यांनी शाळांना खाती दिली, तपासनीस दिले, पण कराराला हात लावला नाही. उलट कायद्यात बसवला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ८९ वं कलम बघा. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं. छडी मारणाऱ्या अनेक हातांना पुढे या कलमाचा आधार मिळाला. २०२४ च्या जुलैपासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या २७ व्या कलमात हीच तरतूद आजही आहे.

गंमत अशी, की १९५३ साली ‘श्यामची आई’ चित्रपट आला आणि त्यातलं छडीचं गाणं महाराष्ट्रभरच्या पोरांच्या तोंडी बसलं. ज्यांच्या पुस्तकावरून तो चित्रपट निघाला ते साने गुरुजी मात्र अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते आणि मुलांच्या खोल्या स्वतः झाडत होते. गाणं लक्षात राहिलं, झाडू विसरला गेला.

पण मला आज छडीबद्दल फारसं बोलायचं नाही. छडीचा वळ दिसतो तरी. जे दिसत नाही त्याबद्दल बोलायचं आहे.

आठवीत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. चित्रं सुंदर काढायचा. आमचे एक शिक्षक काही मुलांना संध्याकाळी घरी बोलावून जादा शिकवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. तो त्यांच्याकडे जायचा. एका संध्याकाळी पाणचक्कीच्या कट्ट्यावर बसलो असताना त्याने मला काहीतरी सांगितलं. सगळं सांगितलं नाही आणि जेवढं सांगितलं तेवढंही मला पूर्ण कळलं नाही, पण पुरेसं कळलं. त्या गोष्टीसाठी आमच्याकडे शब्द नव्हता. जे शब्द होते ते शिव्यांमध्ये होते आणि ते त्यालाच लागले असते. मी म्हणालो, ‘‘जाऊ नकोस मग.’’ तो म्हणाला, ‘‘अब्बांना काय सांगू?’’ त्याच्या अब्बांनीही तेच वाक्य म्हटलेलं होतं ना, हड्डी हमारी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. हजेरीपटावर काही दिवस त्याचं नाव पुकारलं गेलं, मग त्यावर लाल रेघ आली. कोणी विचारलं नाही. ते शिक्षक पुढे रीतसर निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. तोवर मी कविता लिहू लागलो होतो, माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं होतं. मी गेलो. कविता वाचून आलो.

हे मी प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे. यात ज्याचा गुन्हा मोठा तो कोण, हे उघड आहे. पण गप्प बसलेल्यांच्या रांगेत मी होतो आणि या गप्प बसण्याकडे आपला समाज, आपला कायदा कसा बघत आला, ते शोधत गेलो तेव्हा काही गोष्टी हाती लागल्या. त्याच पुढे ठेवतो.

मुलांच्या रक्षणाचा पहिला मोठा वाद आपल्याकडे झाला तो शाळेवरून झाला नाही, लग्नावरून झाला. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला आणि १८८७ साली हायकोर्टाने त्यांना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं सुनावलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. मग १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. दोन वर्षांच्या त्या वाढीसाठी केवढं रान उठलं! लोकमान्य टिळकांसारखा माणूस विरोधात उभा राहिला, परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये म्हणून. आज वाचताना अवघडल्यासारखं होतं, पण घराच्या उंबऱ्यावर कायद्याला अडवण्याची ती प्रवृत्ती अजून संपली आहे, असं म्हणवत नाही.

त्या वादात शाळा कुठे होती? शाळा होती सुटकेची जागा. धोका असायचा तो शाळेपर्यंतच्या रस्त्यावर. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडल्यावर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-माती पडायची आणि त्या बदलायला दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या, ही आठवण आपण सगळेच सांगतो. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या मागे काम ओढणाऱ्या फातिमाचा उल्लेख आहे, तो वाचताना माझ्यासारख्याला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. या बायकांनी रस्ता पार केला, मुलींना आत आणलं आणि दार लावून घेतलं. दाराच्या आत मूल सुरक्षित आहे, ही श्रद्धा तिथून पक्की झाली. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा आला, तो निराधार, भटक्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथवर आलाही नाही. पण आला असता तरी शाळेतल्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. शाळेत असलेलं मूल म्हणजे आधीच वाचलेलं मूल, असंच सगळे धरून चालले होते.

ही श्रद्धा पहिल्यांदा मोठ्याने फुटली ती गोव्यात.

मडगावजवळ फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ आणि गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होता. नाव काय, तर ‘गुरुकुल’. गावात त्याला मान होता. धर्मगुरू म्हणून, मुलांचा कनवाळू सांभाळकर्ता म्हणून लोक त्याच्याकडे बघायचे, देणग्या द्यायचे. १९९१ साली पोलिसांनी धाड घातली तेव्हा तिथे मुलांची अश्लील छायाचित्रं सापडली. एक-दोन नाही, २,३०५. मुलं परदेशी पाहुण्यांना पुरवली जात होती. एवढा पुरावा हाती असूनही प्रकरण रेंगाळलं. शीला बरसे या पत्रकार-कार्यकर्त्या बाईंनी ते लावून धरलं नसतं तर ते कदाचित धूळ खात पडलं असतं. याच बाईंनी १९८०च्या दशकात महाराष्ट्रातल्या कोठडीतल्या स्त्रियांसाठी आणि देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. १९९६ च्या मार्चमध्ये मडगावच्या न्यायालयाने पीट्सला जन्मठेप दिली. २००५ साली तो कैदेतच मेला.

या खटल्यात एक गोष्ट उघडी पडली, ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. तेव्हाच्या दंड संहितेत विनयभंगाचं कलम होतं ते फक्त स्त्रीसाठी. बलात्काराचं कलम फक्त स्त्रीसाठी. मुलग्याच्या वाट्याला जे येतं, त्यासाठी अनैसर्गिक संभोगाचं ३७७ वं कलम सोडलं तर कायद्याच्या पुस्तकात जवळजवळ काही नव्हतं. माझ्या बाकावरच्या मुलाकडे १९८३ साली शब्द नव्हता, असं मी म्हणालो. शब्द कायद्याकडेही नव्हता.

गोव्याने तो शोधला. २००३ साली गोवा बालक कायदा झाला. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची स्वतंत्र व्याख्या करणारा हा देशातला पहिला कायदा. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्याने मुलांसाठी वेगळं न्यायालय दिलं. त्यात एक कलम असं आहे, की छायाचित्रं धुणाऱ्या स्टुडिओवाल्याच्या हाती मुलांची अश्लील चित्रं आली तर त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. फातोर्ड्याची ती दोन हजारांवर छायाचित्रं आठवा, म्हणजे हे कलम कुठून आलं ते कळेल. आणि त्याच कायद्याने सगळ्या शाळांमधली छडीही बंद केली. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घातल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या शरीरावर मोठ्यांचा हक्क आहे असं एकदा मान्य केलं, त्याने कुठल्या स्पर्शाला नाही म्हणायचं आणि कोणत्या तोंडाने?

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात, आणि १२,४४७ मुलं. निम्म्याहून अधिक मुलांनी, नेमकं सांगायचं तर ५३.२२ टक्के मुलांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिक होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. छळ करणारे निम्मे ओळखीचे, विश्वासाचे. हा अहवाल आला तेव्हा वर्तमानपत्रांत दोन दिवस बातम्या आल्या. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, ‘‘आकडे फुगवलेले असतात हो.’’ मी काही बोललो नाही. ही माझी जुनी सवय.

मग २०१२ साली केंद्राचा कायदा आला, ज्याला आपण पोक्सो म्हणतो. १४ नोव्हेंबरला, बालदिनी, तो लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. शाळेतला किंवा धर्मसंस्थेतला माणूस असेल तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. त्या कलमात शिक्षणसंस्था आणि धर्मसंस्था शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत. मकतब असो, वेदपाठशाळा असो, कॉन्व्हेंट असो, कायद्याने कोणाला सूट दिलेली नाही. आमच्या मोहल्ल्यात कधी असं काही कानावर आलं, की ‘बाहेर बोलू नका, कौमची बदनामी होते’ म्हणणारे भेटतात. नेमकं हेच वाक्य, फक्त कौमच्या जागी दुसरा शब्द घालून, मी इतर मोहल्ल्यांतही ऐकलं आहे. संस्थेची बदनामी, गावाची बदनामी, घराण्याची बदनामी. मुलाची होते ती बदनामी कुठल्याच यादीत नसते.

पोक्सोमध्ये पोलिसाने मुलाकडे साध्या कपड्यांत जावं, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घ्यावा, न्यायालयात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, अशा बऱ्याच शहाण्या गोष्टी आहेत. पण माझ्या दृष्टीने त्याचा कणा म्हणजे १९ वं कलम. ज्याला असा गुन्हा घडल्याचं ठाऊक आहे किंवा घडेल अशी भीती आहे, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर वर्षभरापर्यंत. म्हणजे गप्प बसणं हा गुन्हा ठरला. १८६० पासून दीडशे वर्षं चालत आलेल्या कराराला पहिल्यांदा एवढी खोल चीर गेली.

आता हे कलम प्रत्यक्षात काय करतं ते चंद्रपूर जिल्ह्यात दिसलं. राजुऱ्याला एक इंग्रजी शाळा आणि तिचं वसतिगृह. आदिवासी मुली तिथे राहून शिकत होत्या. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्यावरच्या अत्याचारांची तक्रार नोंदली गेली आणि तपासात कळलं, की एक-दोन नाही, १७ अल्पवयीन मुली यात होत्या. या मुलींना आजारी पडल्यावर एका डॉक्टरांकडे नेलं जायचं. या डॉक्टरांना अत्याचाराची कल्पना होती आणि त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप ठेवून त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने २०२१ साली डॉक्टरांवरचा तो गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या न्यायालयाने गुन्हा पुन्हा उभा केला. निकालाचा रोख स्पष्ट होता. अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हा किरकोळ दोष नाही, गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे ठरवायचं काम खटल्याचं. पण ‘मी फक्त औषध दिलं’ एवढं म्हणून सुरुवातीलाच बाहेर पडता येणार नाही, हे ठरलं.

मी तो निकाल वाचला तेव्हा राजुऱ्याच्या त्या वसतिगृहातल्या इतर माणसांचा विचार करत राहिलो. स्वयंपाकीण, झाडूवाली, रात्रीचा राखणदार, गणिताचे सर. सतरा मुली. कोणाला काहीच दिसलं नसेल?

याआधी सुमारे अडीच वर्षं, २०१६ च्या नोव्हेंबरात, बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतलं प्रकरण बाहेर आलं होतं. मुली दिवाळीला घरी गेल्या आणि तिथे बोलल्या. शाळेत बोलल्या नाहीत. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सरकारी आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. म्हणजे लाखो मुलं अशी, की ज्यांच्यासाठी आईच्या कुशीचं अंतर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचं असतं.

न्यायालयंही नेहमी मुलांच्या बाजूला अचूक उभी राहिली असं नाही. २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठाचा आणखी एक निकाल देशभर गाजला. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून एका माणसाने घरात नेलं होतं. त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, मधे कपडा होता, तेव्हा पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. महत्त्व हेतूला आहे, कापडाला नाही. शिंप्याचा मुलगा आहे, कापडाची जाडी-पातळी मला कळते. पण ती न्यायालयात मोजली जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

शासनाच्या पातळीवर कागद बरेच निघाले. २०२० च्या पोक्सो नियमांनी शाळांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सक्तीची केली. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती स्थापन व्हायची होती. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर झालं. एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुली आणि कंत्राटी पद्धतीने त्याच महिन्यात कामावर आलेला सफाई कर्मचारी. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कान उपटले, शाळांच्या सुरक्षेसाठी समिती नेमली आणि मुलग्यांना लहानपणापासून शिकवलं पाहिजे, असंही सुनावलं. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्यावर काही जणांनी पेढे वाटले. त्या पेढ्यांनी मुलींना काय मिळालं, असा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. आज विचारतो. खटला चालला असता तर कोण कोण गप्प होतं, हे साक्षीपुराव्याने समोर आलं असतं.

बदलापूरनंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही बसवायला महिन्याची मुदत दिली. कॅमेरे असावेत, नकोत असं नाही. पण माझा बाकमित्र ज्या खोलीत शिकायला जायचा तिथे कॅमेरा नसता, आजही नसेल. आणि कॅमेऱ्याला मुलाने सांगायला सुरुवात केलेली अर्धी गोष्ट ऐकू येत नाही.

माध्यमिक शाळेची अडचण तर आणखी निराळी. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीतला पोरगा किंवा पोरगी चौदा ओलांडून त्याच्या बाहेर उभी असते. आवाज फुटतो, अंग भरतं, मोबाइल हाती येतो, नेमकं ते वय. आमच्याकडे त्यात लग्नाचं सावट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ऊसतोडीला जाणारे आई-बाप पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणून नववीतच उजवून टाकतात. शाळा सुरक्षित वाटली असती, वसतिगृहावर विश्वास असता, तर त्यातल्या काही जणी तरी दहावीला बसल्या असत्या. आणि १९ व्या कलमाचीही दुसरी बाजू आहे. सोळा वर्षांची मुलगी बाईंना विश्वासाने काही सांगायला जाते, तेव्हा बाईंना पोलिसांत जावंच लागतं. हे मुलींना कळतं आणि त्या बाईंनाही सांगेनाशा होतात. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शाळेत समुपदेशक असावा म्हणतात. माझ्या माहितीतल्या बहुतेक शाळांत चित्रकलेचा शिक्षकही उरलेला नाही.

१०९८ हा नंबर मात्र मुलांना पाठ असतो. १९९६ साली मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ती हेल्पलाइन सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली, नंबर तोच राहिला. हिंदीत ‘दस नौ आठ’ असं म्हणायला सोपं, म्हणून मुलांच्या तोंडी बसलं.

गेल्या वर्षी शहरातल्या एका माध्यमिक शाळेत मला कवितावाचनासाठी बोलावलं होतं. छत्रपती संभाजीनगर असा नवा बोर्ड, जुनी इमारत, जुनं चिंचेचं झाड. कार्यक्रम छान झाला. नंतर व्हरांड्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीशेजारी भिंतीवर एक लाकडी तक्रारपेटी दिसली. वर स्वच्छ अक्षरात १०९८ लिहिलेलं, खाली कुलूप. नववीतली एक मुलगी सही घ्यायला वही घेऊन उभी होती. सही घेऊन झाल्यावर तिने पेटीकडे बघून हळू आवाजात विचारलं, ‘‘सर, याची चावी कोणाकडे असते?’’

मी आत जाऊन बाईंना विचारलं. बाई भल्या होत्या, ओशाळल्या. त्यांनी ड्रॉवर उघडून पाहिला, मग कारकुनाला विचारलं, मग शिपायाला आधीच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात बघायला पाठवलं. चहा आला, झाला. ती मुलगी वही छातीशी धरून दाराशी उभीच होती. मी निघालो तोवर शिपाई परत आलेला नव्हता.